दररोजचा वधस्तंभ कोणाच्या खांद्यावर?



गेल्या पावसाळ्यात निफाडकडील एका लहान मंडळीत सायंकाळचे शास्त्रवाचन चालले असता एका शेतकरी बंधूने आम्हांस एक प्रश्न केला. त्याचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले खरे. परंतु ते उत्तर पुरे नव्हते, हे घरी परत येताना आम्हांस कळले. तो म्हणाला, "पाळकसाहेब, तारण कृपेने मिळते, ते कोणाच्या पुण्याईने विकत घेता येत नाही, असे तुम्ही सांगता. बरे. पण मग दुसऱ्या रविवारी तुम्हीच सांगता की, रोज स्वतःला नाकारा, रोज वधस्तंभ उचला. जमीन बक्षीसपत्राने दिली म्हणावयाचे आणि दररोज खंडही मागावयाचा, हा कुठला व्यवहार?"

चार मंडळी हसली. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्याजोगा वाटला नाही. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत ह्या प्रश्नावर दोन प्रकारची माणसे दोन टोकांना जाऊन बसलेली असतात. पूर्वजांकडून आलेली नवसाची सवय एकाच्या रक्तातून गेलेली नसते. अमुक उपास केला, तमुक दान दिले, म्हणजे देवाकडे आपले काही जमा झाले, असे तो मनातल्या मनात मांडीत असतो. देवीच्या नावाची खातेवही मिटून तीच प्रभूच्या नावाने उघडलेली असते, इतकेच. दुसरा म्हणतो की, प्रभूने सर्व ऋण फेडले, आता आम्हांस काय करावयाचे उरले? आणि मग तो काहीच करीत नाही. पहिल्याची कीव येते. दुसऱ्याविषयी आम्हांस काय वाटते, ते येथे लिहीत नाही.

ज्या वचनावरून हा प्रश्न निघाला ते मत्तय, मार्क व लूक ह्या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. परंतु "दररोज" हा शब्द एकट्या लूकने नवव्या अध्यायात राखिला आहे. मत्तयाचा सोळावा व मार्काचा आठवा अध्याय उघडून पाहावा; तेथे आपला वधस्तंभ उचलण्याची आज्ञा आहे, पण दररोज असे म्हटलेले नाही. हा एक शब्द लहान दिसतो. तो नसता तर आपल्यापैकी पुष्कळांची सुटका झाली असती. कारण एकदाच करावयाचा त्याग मोठा असला तरी तो होऊन जातो. बाप्तिस्म्याच्या दिवशी भाऊबंद तुटले, पाणवठा बंद झाला, वाट्याचे बलुते गेले, अशा गोष्टी आपल्या वाडवडिलांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत व त्या खऱ्या आहेत. परंतु त्या दिवसाची आठवण सांगून चाळीस वर्षे काढणारेही आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात कांद्याची गोणी भरताना ओला माल तळाशी घालावा की नाही, हा प्रश्न उरतोच. आणि त्या वेळी कोणी साक्षीदार नसतो.

त्या बंधूला आम्ही असे उत्तर दिले. सालगडी आणि धन्याचा मुलगा एकाच वावरात, एकाच उन्हात कांदे लावतात. दोघांचीही पाठ सारखीच दुखते. सालगड्याचे साल पाडव्याला भरते, तो आपला हिशेब घेतो व उठतो. मुलाला हिशेब नाही. तो राबतो म्हणून शेत त्याचे होत नाही. शेत त्याचे आहे म्हणून तो राबतो. (कित्येक सालगडी धन्याच्या मुलाहून अधिक जिवापाड राबतात, हे आम्हांस ठाऊक आहे; दृष्टांत एका मर्यादेपलीकडे ताणू नये.) तेव्हा दररोजचा त्याग हा खंड नव्हे, वतन आधीच मिळालेल्या मुलाची ती वहिवाट आहे. सार्वकालिक जीवनाची आशा धरणारा माणूस आजच तेथल्यासारखे वागावयास शिकतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्याचे समाधान झाले. आमचे झाले नाही. कारण वाटेत असा विचार मनात आला की, त्याग कशासाठी ह्याचे उत्तर आपण दिले. परंतु त्याग कोणाच्या जिवावर, हे विचारलेच नाही. मनुष्य म्हणतो, "मी सोडले." पण त्याने सोडलेल्या गोष्टीचे ओझे कोठे जाऊन पडले, हे पाहिल्याशिवाय त्या त्यागाची परीक्षा होत नाही.

ह्याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. ज्यांना अक्षरओळख आहे त्यांनी ते पुस्तक वाचावे, व ज्यांना नाही त्यांनी ते वाचवून घ्यावे. त्यात आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन त्यांनी केले आहे. विटाळाचे अखंड भय, धुण्याचा अखंड अट्टाहास. आता नीट विचार करा. त्या गृहस्थाला आळशी किंवा सुखलोलुप कोण म्हणेल? त्याने स्वतःवर लादलेले कष्ट दररोजचे होते. 'दररोज' ह्या शब्दापुरते बोलावयाचे तर आपल्यापैकी बहुतेक त्याच्या पासंगालाही लागणार नाहीत. परंतु त्या दैनिक तपाचा भार कोणावर होता? घरातल्या बायकांवर व लेकरांवर. एकाच्या शुद्धतेपायी साऱ्या घराला धाक. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. वाचणाऱ्यालाही हसू येते. आणि पुस्तक मिटल्यावर मात्र त्या घरातील बायकांची आठवण राहते.

तर कष्ट सोसणे म्हणजेच धर्म, हे खरे नव्हे. असे सोवळे ख्रिस्ती घरातही शिरते. रविवार कडक पाळणारा एखादा गृहस्थ आम्हांस माहीत आहे. त्या दिवशी तो कामाला हात लावीत नाही, आणि त्याच दिवशी त्याच्या घरच्या चुलीपुढील कामास सर्वांत अधिक ऊत येतो.

ह्याच लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक. हे नाव आपल्या उपासनेत परके नाही. त्यांची गीते गातच आपली मुले वाढतात. ते कोकणातले, परंतु नाशकातच संस्कृत शिकले. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी काय सोडले ह्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो: जात गेली, आप्त गेले, विद्वान् ब्राह्मण म्हणून असलेला मान गेला. हे सारे खरे आहे, आणि त्याचे मोल कमी करण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्या दिवशी आणखी एका माणसाचा संसार मोडला, आणि तिला कोणी विचारले नव्हते. नवरा जिवंत असता ती नवऱ्यावाचून राहिली. लोकांच्या दृष्टीस तिची स्थिती सधवेची ना विधवेची. टिळकांनी आपला वधस्तंभ उचलला. त्याचे दुसरे टोक लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर पडले. त्यांनी तो स्वेच्छेने घेतलेला नव्हता.

कोणी म्हणेल, मग टिळकांनी बाप्तिस्मा घ्यावयास नको होता काय? असे आम्ही म्हणत नाही. सत्य समजल्यावर ते लपवून घरात बसणे, हेही एक प्रकारे बायकोला फसवणेच झाले असते. प्रभूने आपल्यामुळे घरात फूट पडेल असे स्पष्ट सांगितलेले आहे. परंतु ज्याच्यामुळे दुसऱ्यावर भार पडला त्याने तो भार दिसत असल्याची खूण तरी ठेवावी. आमच्या मते टिळकांच्या आयुष्यातील एक गोष्ट त्यांच्या बाप्तिस्म्याइतकीच थोर आहे. ती अशी की, पुढे पत्नी मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा प्रारंभी तिने आपले सोवळे व आपले अन्नपाणी वेगळे राखिले, आणि त्यांनी ते राखू दिले. जो मनुष्य एवढा उतावळा, हातचे दुसऱ्याला देऊन टाकणारा, घरात उद्याला काही आहे की नाही हे न पाहणारा, त्याने ह्या एका बाबतीत थांबणे सोपे नव्हते. पुढे जातिभेदाविषयी विचार करता करता तो माणसांनीच केलेला आहे, देवाने नव्हे, असे लक्ष्मीबाईंचे त्यांच्याच मनाने ठरले. आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. १९०० मध्ये राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा एक दिवसाचा. पाण्याचा पेला मात्र रोजचा. जन्मभर अंगी बाणलेली किळस रोज गिळावी लागते, हे ज्याने सोसले नाही त्याला सांगून कळावयाचे नाही. येथे मात्र ओझे त्यांचे स्वतःचे होते, स्वतः होऊन उचललेले. आणि त्याचा लाभ ज्याच्या हातून त्या पाणी घेत त्याला होता. आजवर त्या हाताला विटाळ म्हणून दूर लोटले जात असे.

ह्या दोन त्यागांतील भेद मनात धरून आता आपण नाशकातील आणखी एका जागी जाऊ. ती जागा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शरणपूर आज शहराच्या पोटात गेले आहे. पण १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी तेथे ख्रिस्ती वसाहत घातली, तेव्हा ते गावाबाहेर होते. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकेतील मुले मुंबईस उतरविली जात, व त्यांतील कित्येक ह्या शरणपुरास पाठविली जात. ती येथे लिहावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली, येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवासी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांनी १८६६ मध्ये त्यांच्यापैकी नऊ जणांना आपल्याबरोबर आफ्रिकेत नेले. त्यांतील काहींनी पुढे त्यांची साथ सोडली, हे लपविण्याचे कारण नाही. शरणपुरात वाढला म्हणून कोणी देवदूत होत नाही. १८७२ मध्ये येथेच शिकलेले आणखी काही तरुण त्यांना जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट हा होता.

१ मे १८७३ रोजी, आज झांबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांचे सोबती घरापासून शेकडो कोस दूर. धनी गेला, हुकूम देणारा कोणी उरला नाही. तेथेच मूठमाती देऊन ते निघून गेले असते तर जगात कोणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांनी ठरविले की, ह्यांना ह्यांच्या माणसांपर्यंत पोहोचवावयाचे. हृदय त्यांनी तेथेच एका झाडाखाली पुरले, आणि अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली. देह मिठाने व उन्हाने वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, वर शिडाचे कापड शिवले, आणि तो काठीला बांधून ते समुद्राच्या दिशेने चालू लागले.

आपल्याकडे मयताला खांदा देतात. घरापासून कबरस्तानापर्यंतचे अंतर ते किती. तरी वाटेत चार वेळा खांदा बदलतो. ह्या लोकांनी नऊ महिन्यांच्या आसपास, हजार मैलांहून अधिक वाट खांदा दिला. दररोज सकाळी ते ओझे पुन्हा उचलावयाचे. वाटेत दुखण्याने माणसे दगावली. प्रेत आपल्या मुलखातून जाऊ देण्यास गावे तयार होईनात, तेव्हा त्यांना युक्तीने ते कापडाच्या गाठोड्यासारखे दिसेल असे बांधावे लागले. अर्ध्या वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने, लेफ्टनंट कॅमेरॉन ह्याने, येथेच पुरा असे सुचविले. त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोस समुद्रावर पोहोचले, देह जहाजावर चढला, आणि बहुतेकांना पगार चुकता करून निरोप देण्यात आला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले. त्या मैलोगणती वाटेवर खांदा देणाऱ्यांपैकी तेथे एकटा जेकब वेनराइट हजर होता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आपण फुगून जाऊ. ह्या तांड्याचे पुढारी सुझी आणि चुमा हे होते, आणि सुझी त्या वेळी ख्रिस्ती नव्हता; त्याचा बाप्तिस्मा पुढे १८८६ मध्ये झाला. तांड्यात बायकाही होत्या. हलीमा नावाची स्वयंपाकीण होती. जो दररोजचा वधस्तंभ आपण आपल्या मंडळीची मिरास समजतो, तो बाप्तिस्म्याविना उचललेलाही देवाने पाहिला आहे.

त्या नऊ महिन्यांत कोणी स्वर्गाचा हिशेब मांडला होता काय? आम्हांस तसे दिसत नाही. ज्याला काहीच परत देता येत नाही, जो मेलेला आहे, त्याच्यासाठी ते चालत होते. सोवळे करणाऱ्याची दृष्टी स्वतःच्या अंगाकडे असते: मला लागले काय, मी शुद्ध राहिलो काय. खांदा देणाऱ्याची दृष्टी वाटेकडे असते. दोघेही रोज कष्ट करतात. आत्मिक भविष्याची तयारी म्हणतात ती कोणत्या कष्टात होते, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता हा विचार आपल्या गावी आणू. आपल्या काळी विश्वासाची किंमत पाणवठ्यावर क्वचितच मागितली जाते. ती कागदावर मागितली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बंधूंना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत. म्हणून कित्येक घरांत घरी एक नाव व दाखल्यावर दुसरे, अशी स्थिती आहे, हे आपणांस चांगले ठाऊक आहे. ह्या लोकांवर व्यासपीठावरून ताशेरे ओढणे सोपे आहे. आम्हीही पूर्वी ओढले आहेत. आता तसे करवत नाही. कारण बाप जेव्हा म्हणतो की, मी खोटे लिहिणार नाही, तेव्हा शिक्षणाची जागा जाते ती मुलीची. बापाने खरे लिहू नये असे नव्हे. खरेच लिहावे. पण त्याने त्या मुलीस जवळ बसवून, हे ओझे तुझ्याही खांद्यावर येत आहे, असे सांगितले काय? आणि ज्या मंडळीने त्याला खरे लिहावयास शिकविले तिने त्या मुलीच्या फीसाठी आपला खांदा पुढे केला काय? मंडळी टाळ्या वाजवून घरी गेली असेल, तर त्या त्यागात मंडळीचा वाटा काय राहिला?

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा निफाडकडील त्या मंडळीत गेलो व वरील गोष्टी सांगितल्या. त्या मंडळीत मूठधान्याची चाल आहे: रोज स्वयंपाकापूर्वी एक मूठ दाणे प्रभूच्या कामासाठी बाजूस काढावयाचे, व रविवारी ते उपासनेत आणावयाचे. आम्हांस ही चाल फार प्रिय आहे. ती खरोखर दररोजची आहे. ज्याने खंडाचा प्रश्न केला होता तोच बंधू पुढे बसला होता. तो म्हणाला, "आमच्या घरी मूठ एक दिवसही चुकली नाही." ह्यावर दाराशी बसलेली त्याची कारभारीण हळूच म्हणाली, "मूठ मी काढते. ह्यांच्या भाकरी जेवढ्याच्या तेवढ्याच असतात."

बायका हसल्या. तो हसला नाही. आम्हीही पुढे काही बोललो नाही. गीत गाऊन प्रार्थना केली.

त्या रात्री आमचे जेवण त्यांच्याच घरी होते. पाट मांडले, ताटे वाढली. त्याने आपल्या ताटातील एक भाकरी उचलून परत टोपल्यात ठेविली. ती म्हणाली, "पाहुणे आहेत म्हणून व्हय?" त्याने उत्तर दिले नाही, कालवण पुढे ओढले आणि जेवू लागला.